पाळीत भरलेलं पिंप

पापाकुरा, न्यूझीलंड

ती. आईस,
तुझ्या भांडखोर मैत्रेयीचा साष्टांग नमस्कार.

हातावरचा भाजल्याचा डाग फिकट झालाय, काळजी करू नकोस. बाबांचा गुडघा कसा आहे?

आता भांडण. परवा व्हिडिओ कॉलवर, पाळी आली म्हणून तू धाकट्या स्वानंदीला लोणच्याच्या बरणीपासून हाकललंस. मी पाहिलं. आणि मी ज्यूसच्या कंपनीत आहे असं मावशीला काय सांगतेस? मी व्हिस्की बनवते. (पीत नाही. चव घेते आणि थुंकते.)

आमच्या मालकीण एलिनाबाई फिनलंडच्या. तिकडच्या पद्धतीने आम्ही राय नावाचं धान्य आंबवतो. ते लापशीसारखं चिकटतं, फेस उतू जातो, म्हणून टाकीशी वास घेत उभं राहावं लागतं. तुझ्या आंबोळीच्या पिठावर तयार झालेलं नाक माझं, म्हणून ते काम माझं. महिन्याचे सगळे दिवस.

तीन वर्षांपूर्वी मी पाळीतच भरलेलं लाकडी पिंप काल उघडलं. एलिनाबाईंनी घोट घेतला, डोळे मिटले आणि पिंपावर खडूने माझं नाव लिहिलं.

यंदाचं लोणचं स्वानंदीला घालू दे, आणि तेही त्याच चार दिवसांत. नासलंच, तर अख्खी बरणी मी येऊन संपवीन.

तुझीच,
मैत्रेयी