दाजींचा डावा पाय

घोडनदी, ता. ४ मार्च ९९

चि. मच्छिंद्रास ताईबाईचा जयभीम.

आमच्या गाडीतली नवी क्लच प्लेट काढून तुझ्याकडची जुनी घातलीस, व्हय रं? तुझ्या संघर्षच्या लग्नाला आठ दिवस गाडी ठेवून घेतलीस, तवा मी काय बोलले न्हाई. पण परत आल्यापास्नं इंजान बोंबलतंय आन् गाडी हालत न्हाई. काल पारगावच्या पुलाच्या चढाला जळका वास सुटला आन् मागची बैलगाडी आम्हाला टाकून पुढं गेली! मिस्त्री खाली घुसला, म्हणाला प्लेटीचा कोळसा झालाय. दिवाळीत नवी टाकलेली प्लेट एवढ्यात जळती कशी? कुणीतरी बदललीच. हे म्हणत्यात मेव्हण्याचं नाव घेऊ नको. पण ह्यांनी उमरभर उसाचा ट्रॅक्टर हाकलाय, ह्यांना काय गाडी कळत न्हाई?

आमच्या गौतमीला सातवा लागलाय. २१ तारखेला तिला दौंडहून बाळंतपणाला आणायचंय. पोटुशी पोर रस्त्यात उन्हात उभी राहिली, तर तुला सोडायची न्हाई. नव्या सुनेला जयभीम सांग.

ताईबाई

वरवंड, ता. ९ मार्च ९९

ती. अक्कास मच्छिंद्रचा सप्रेम जयभीम.

पत्र वाचून सूनबाई हसली, मी न्हाई हसलो. अक्का, चोरायचंच असतं तर तुमचा टेप चोरला असता, तो तरी चालू हाय. दाजी गाडी घेऊन लग्नाला आले तवाच तुमची दिवाळीची प्लेट जळलेली होती. वरातीत नवरा-नवरीला ढकलायची पाळी नको, म्हणून मी गपचूप चौफुल्याला नवी टाकून घेतली. आता जळाली ती माझी.

एक कर. दाजींशेजारी पुढं बस आन् रस्ता न्हाई, त्यांचा डावा पाय बघ. त्यांना जयभीम तोंडीच सांग, पत्र दाखवू नको. राग किती बी धर, लोभ सोडू नको.

तुझा मच्छिंद्र

घोडनदी, ता. १४ मार्च ९९

चि. मच्छिंद्र, जयभीम.

बसले. मार्केट यार्डापास्नं एस्टी स्टँडपतुर बघितलं. पाय क्लचवरच. गियर पडला तरी पाय तिथंच, उंबऱ्यावर ठेवल्यावानी. ट्रॅक्टरची खोड, त्यानंच प्लेटी जळत्यात. पाय खाली घ्या म्हटलं, तर भर रस्त्यात गाडी उभी केली आन् म्हणाले तूच चालव. दोन दिस अबोला.

पण माझा संशय गेला असं समजू नको, नुसता बदललाय. तुला लग्नातच कळलं होतं. पाव्हण्यांत दाजीला शिकवलं तर त्यांचा मान जाईल, म्हणून तोंड शिवून बसलास ना? बहिणीच्या कानात तरी सांगायचंस. मी चोर म्हणेपतुर थांबलास, गाढवा.

आता ऐक. मिस्त्रीनं नवी प्लेट टाकलीय. ह्यांना मी सांगितलं, प्लेट मच्छिंद्रनंच बदलली होती आन् तो कबूल झाला. तवापास्नं हसून बोलत्यात, भाकरी बी एक जास्त खाल्ली. तवा २१ ला तू यायचं, भरपाई म्हणून दौंडला जायला-यायला गाडी तूच हाकायची. ह्यांना लेकीशेजारी मागं मानानं बसवू. तिथं क्लच न्हाई.

चोर म्हणून ये, न्हाईतर भाऊ म्हणून ये. पण येतोस का न्हाई, ते गुरुवारच्या टपालात मला पायजे. न्हाई आलं उत्तर, तर समजेन नवी प्लेट खरंच तूच चोरलीस.

तुझी अक्का