दाऊदभाई माझं स्थळ बघून येतात

५ फेब्रुवारी १९७३, सोमवार

मला स्थळ आलंय! सदतीसाव्या वर्षी! रविवार पुरवणीची गोष्ट अर्धी टाकून आधी हे लिहितेय.

संगमनेरचे रंगनाथराव. कापडाचं दुकान. बिजवर — पहिली बायको वारली, मूल नाही. चार वर्षांपूर्वी धुळ्याहून आले. काकासाहेबाने, माझ्या भावाने, थेट विचारलं : विजयमाला लग्नानंतर लिहिणार, चालेल ना? ते म्हणाले, "टेबल खिडकीशी ठेवू."

टेबल! खिडकीशी!

६ फेब्रुवारी

चौकशी करायची तर दाऊदभाईंकडूनच, असं मी म्हटलं. दाऊद सिद्दी — आमच्या सर्जेपुऱ्यातले खाजगी हेर. आजोबा जंजिऱ्याहून नगरला आलेले. हे इथेच जन्मले. घरी माग असलेल्या, विडी वळणाऱ्या नरसम्माशी तेलुगू, बोहऱ्याशी गुजराती, नर्स रूथबाईंशी थेट भांडण — सगळं यांना येतं.

ते घरी आले तसा काकासाहेब माझ्या कानात, "एवढा उंच, एवढा काळा माणूस लपून चौकशी करणार कशी?"

ऐकू गेलंच. दाऊदभाई खो खो हसले. "लपायचं कशाला, दादा? दुसरे हेर खोटी मिशी लावतात, मी काय लावू? मी कोपऱ्यावर दिसलो की गल्लीला कळतं, कुणाचं तरी लग्न जमतंय. मग लोक आपणहून बोलतात."

संध्याकाळी पाण्याच्या टँकरच्या रांगेत सगळ्यांना माहीत! नरसम्मा ओरडली, "अम्मा, साडी आमच्याच मागावरची!" रूथबाई म्हणाल्या, "आधी नवऱ्याचा रक्तदाब मोजून घ्या."

८ फेब्रुवारी, गुरुवार

गोष्ट वेळेत दिली. नायिकेचं लग्न लावून टाकलं. संपादक वैतागले, "अहो, ती या आठवड्यात मरणार होती!"

मी असताना? मुळीच नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

दाऊदभाई संगमनेरहून आले. हसून हसून डोळ्यांत पाणी. कोपऱ्यावर उभे राहिले मात्र, प्रत्येक घराला वाटलं, आपल्याच मुलाची चौकशी आली! एका बाईंनी हाताला धरून आत नेलं. "माझा मच्छिंद्र सुपारीबी खात न्हाई!" आणि आपला तो चांगला ठरावा म्हणून आळीतल्या बाकी सगळ्यांची कुलंगडी बाहेर.

"आणि रंगनाथराव?" मी.

दाऊदभाईंनी बाईंचा आवाज काढला. "त्यो व्हय? लई मऊ मानूस. गिऱ्हाईक भाव पाडतंय न् ह्यो हसतोय. मांजरं पाळतो. घोरतो तर भिंतीपल्याड आमची झोप मोडती!"

मांजरं! घोरू दे की!

काकासाहेब म्हणाला, उद्याच होकार कळवू. दाऊदभाईंनी मान हलवली. "बिजवर असला की पहिलीच्या माहेरी गेल्याशिवाय माझी चौकशी पुरी होत नाही. देवळाली प्रवरा. जाऊन येतो."

मी म्हटलं, कशाला? गेलेल्या मुलीच्या आईबापांना पुन्हा रडवायचं?

"ताई, याच गल्लीत राहायचंय मला. तुमचं वाकडं झालं तर रोज नरसम्माच्या दारावरून कुठल्या तोंडानं जाऊ?"

बरं, जा बाबा. पण लवकर या!

१२ फेब्रुवारी

आरशात नीट पाहिलं. बरी दिसते मी.

१३ फेब्रुवारी

साडी ठरली. जांभळी, हिरव्या काठाची. नरसम्मा म्हणते, हा रंग नवरीचा नाही. मी म्हटलं, ही नवरी मुळात कुठे नवरीच्या वयाची आहे? दोघी हसत सुटलो. तिच्या सुपातली तंबाखू सांडली.

खिडकी कुठल्या दिशेला असेल? पूर्वेला हवी. सकाळी लिहायची सवय आहे मला.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

दाऊदभाई आले. बसा म्हटलं, बसले नाहीत.

पहिली बायको जिवंत आहे. मालनबाई. चार वर्षं माहेरी आहेत.

"मी दारात उभं राहून रंगनाथरावांचं नाव घेतलं, ताई. त्यांना वाटलं, नवऱ्यानं न्यायला माणूस धाडला. मला बसायला पाट दिला, आत गेल्या, आणि पेटी भरायला लागल्या."