चौथ्या डबीचा अहवाल

३ फेब्रुवारी
डबी आली! सकाळपासून टपालाच्या टेबलाशी तीनदा जाऊन आलो. शिपाई हसला. हसू दे.

ही तिसरी. धातू तोच, निकेल. त्याला धरून बसणारा लिगंड तेवढा दर वेळी वेगळा. पहिल्या डबीत पाणी होतं, दुसरीत अमोनिया, आता दोन टोकांनी धरणारा. कोण किती अंशांपर्यंत धातूला सोडत नाही, एवढंच या डब्या पाठवणाऱ्या बाईंना हवंय. त्यांच्या प्रयोगशाळेत मशीन नाही, म्हणून भुकटी माझ्याकडे येते. मी ती तापवतो आणि वजन कुठे घटतं त्याची रेघ पाठवतो. सहा महिने झाले, त्यांचा आवाजसुद्धा ऐकलेला नाही. अक्षर मात्र हजारांत ओळखीन.

४ फेब्रुवारी
पाणी एकशेतीसलाच सुटलं होतं, अमोनिया दोनशेच्या आत. हा पठ्ठ्या पावणेतीनशेपर्यंत ढिम्म! अहवालाखाली ‘नमुना छान वाळवलाय’ असं लिहिलं, खोडलं, मग नवा कागद घेऊन परत लिहिलं. बावन्नाव्या वर्षी हे धंदे!

११ फेब्रुवारी
बाईंची चिठ्ठी: ‘तुमची रेघ आली की दिवस बरा जातो. आता एकच डबी उरली.’

किती वेळा वाचली ते इथेही लिहिणार नाही. एकच उरली म्हणे.

२ मार्च
जेवताना बहीण म्हणाली, “दादा, लक्ष कुठंय तुझं? मीठ दुसऱ्यांदा घेतलंस.”
“कामात आहे.”
“असं होय! मग कामाला एकदा घरी बोलव की.”
पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो. पाणी ताटाशेजारीच होतं.

५ मार्च
चौथी डबी. हा लिगंड धातूभोवती कडं करून चारही बाजूंनी धरतो. तीनशेचाळीसपर्यंत रेघ पट्टीने ओढल्यासारखी सपाट! नमुन्यात ओल असती तर शंभराच्या आतच वजन घटलं असतं. जराही घटलं नाही. इतका कोरडा, नेटका नमुना वर्षभरात पाहिला नव्हता.

म्हणजे काम संपलं. अहवाल गेला की डब्या बंद, चिठ्ठ्या बंद. मला ते नकोय. इथे कोण वाचतंय, लिहूनच टाकतो – मला या बाई हव्या आहेत. समोर बसून बोलायला हव्या आहेत.

६ मार्च
केलं! ‘नमुना ओला निघाला. पुन्हा पाठवावा.’ सही करून टपालात टाकलं. खरी रेघ कपाटात, फायलींच्या खाली.

सव्वीस वर्षांत एक आकडा खोटा दिला नव्हता. या एका अहवालासाठी बाईंचा निबंध छापायला जायचा थांबलाय, आणि मी इथे लाजतोय काय, टपालाची वाट काय बघतोय!

९ मार्च
काही नाही.

१३ मार्च
आजही नाही. वर्षभराचं त्यांचं काम मी अडवून ठेवलंय. उद्या खरं कळवून टाकायचं. कालही हेच ठरवलं होतं.

१६ मार्च
डबी आली. सोबत चिठ्ठी: ‘नमुना कोरडाच आहे. आमच्याकडे जानेवारीत मशीन आलं, त्यावर मी आधीच बघितलं होतं. तरी पुन्हा पाठवतेय. सावकाश तापवा.’

जानेवारीत! अरे, तिसरी डबी तर फेब्रुवारीत आली!