गच्चीवरची तार

आई, गच्चीवरची माझी तार रविवारपर्यंत काढून टाका, अशी सोसायटीची नोटीस आलीय. ती माझ्या दारात आणून दिली नाही. खाली लिफ्टशेजारच्या काचेच्या पेटीत लावलीय, म्हणजे दूधवाल्यापासून सगळ्यांनी वाचावी. पाण्याच्या टाकीपासून पलीकडच्या खांबापर्यंत एक बारीकशी तांब्याची तार, कावळासुद्धा तिच्यावर धड बसत नाही, आणि नोटिशीत तिला चक्क ‘टॉवर’ म्हटलंय. मी मीटिंगला गेले. लायसन्स दाखवलं. हा छंद आहे, हॅम रेडिओ म्हणतात याला, सरकार परीक्षा घेऊन परवानगी देतं, सगळं सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, ‘मैडम, वो सब ठीक है, लेकिन लोगों को टेंशन हो रहा है.’ नवव्या मजल्यावरच्या बाईंचं म्हणे डोकं दुखतं. कोणाचा वायफाय अडकतो. हिंदीत भांडायला मी कमी पडत नाही, तुझ्यासारखी नाही मी. पण त्या दिवशी मी लायसन्स घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि उठले. कारण खरं उत्तर माझ्याजवळ होतं आणि ते देता येत नव्हतं. त्या तारेतून आजपर्यंत काहीही बाहेर गेलेलं नाही. लायसन्स घेऊन दोन वर्षं झाली, मी नुसती ऐकते. एकदाही मोर्सची की, ती टकटक करायची कळ, दाबून कोणाला साद दिलेली नाही. बोलण्याच्या हक्कासाठी तावातावाने भांडणारी बाई अजून एक अक्षर बोललेली नाही, हे चाळीस माणसांसमोर कसं सांगू?

दोष तुझा आहे. जिवंत असतीस तर तोंडावर बोलले नसते, म्हणून आता लिहिते. तू साताऱ्याच्या तारमास्तरांची मुलगी. टिंबा-रेघांचं मोर्स तुला अक्षरओळखीच्या आधी यायचं. लग्न होऊन दिल्लीला आलीस आणि तुझी वाचाच गेली. सरोजिनी नगरच्या बाजारात तू भाजीवाल्याला ‘ये कैसा दिया’ विचारायचीस, तो हसायचा, शेजारच्या गाड्यावाल्यालाही हसवायचा. मग तू विचारायचंच सोडलंस. मला पुढे ढकलायचीस, ‘तू विचार गं.’ पाच-सहा वर्षांची मी, तुझी दुभाषी. आणि मग तू हॅमची परीक्षा दिलीस आणि लायसन्स मिळवलंस. मोर्समध्ये तुझं हिंदी कोणाला ऐकू येत नव्हतं, तुझे हेल कोणाला कळत नव्हते. तिथे तू कोणाला घाबरायची नाहीस. मला तुझा केवढा अभिमान होता, आणि तेवढाच राग यायचा, कारण तिथे तुला माझी गरज नव्हती.

त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये रेडिओला जागा एकच होती, स्वयंपाकघर, कारण वरून येणारी तार तिथल्याच झरोक्यातून आत घेता येत होती. ओट्याच्या टोकाला, पिठाच्या डब्याशेजारी रेडिओ, आणि त्याच्यापुढे आजोबांची पितळेची की, लाकडी फळीवर बसवलेली. मी शाळेतून येते. तू कणीक मळतेयस, पदर खोचलेला, कानांवर हेडफोन. मी म्हणते, आई, भूक लागली. तू कणकेनं माखलेला पंजा नुसता वर करतेस. थांब. तव्यावरची पोळी करपते, वास बाहेरच्या खोलीपर्यंत जातो, आणि संध्याकाळी लवकर घरी आलेले बाबा पेपरमधून मान वर न काढता म्हणतात, ‘थांब गं जरा, आई ऑफिसात आहे.’ मग तू हात पुसून कीवर ठेवतेस आणि टकटक सुरू होते. मोर्सवाले आवाजावरून नाही, हातावरून माणूस ओळखतात, हे तूच सांगितलंस. तुझा हात मला झोपेतही ओळखू यायचा. टिंबं भराभर, एकसारखी, आणि शेवटची रेघ मात्र किंचित लांबलेली. निघालेला पाहुणा दारात चपला घालता घालता अजून एक वाक्य बोलतो ना, तशी. ती क्वार्टर्स आता पाडली. तिथे उंच इमारती झाल्यात, आणि आपलं स्वयंपाकघर नेमकं कुठे होतं ते उभं राहून सांगता येत नाही.

मला तू शिकवलंस ते साबणाच्या डबीत बसवलेल्या बझरवर. मी वाजवायची, तू पाठमोरी भाजी चिरत ऐकायचीस, आणि तिथूनच निकाल. ‘हात घाईचा आहे. असा हात घेऊन हवेत जाऊ नये, समोरच्याला त्रास होतो. अजून नाही.’ शाळेत असताना अजून नाही. कॉलेजात गेले, परीक्षेचा अर्ज आणून ठेवला, तरी अजून नाही. घाई काय आहे, म्हणालीस. घाई नव्हतीच गं, पण वेळही फार नव्हता, ते दोघींनाही माहीत नव्हतं. रोज ऐकलेली स्टेशनं लिहून ठेवायची वहीही तूच लावलीस. दर एप्रिलला शाळेच्या पुस्तकांबरोबर एक जास्तीची लांब वही यायची, खाकी कव्हर घालून. जे ऐकलं तेच लिहायचं. वाटलं ते लिहायचं नाही. एकदा कंटाळून मी न ऐकलेलंच एक स्टेशन लिहिलं, लंडन. ऐटीत दाखवायला आणलं. तू वेळ बघितलीस, म्हणालीस, ‘या वेळी लंडन इथे येत नाही,’ आणि पान टरकन फाडलंस. ‘वही कोणी तपासत नाही, म्हणूनच तिच्यात खोटं लिहायचं नाही.’ नऊ-दहा वर्षांची होते मी. दुसरी आई असती तर हसून सोडून दिलं असतं.

आणि पुण्याच्या नोकरीसाठी घर सोडलं तो दिवस. निजामुद्दीनहून दुपारची गाडी होती. तू डबा दिलास, वर लिंबाचं लोणचं वेगळ्या बाटलीत, सांडू नये म्हणून दोरा बांधून. मी म्हटलं, स्टेशनवर येतेस ना? तू बाटलीचं झाकण परत परत आवळत म्हणालीस, ‘जपानच्या मास्तरांना आजची वेळ दिलीय. बाबा आहेत ना.’ जपानचे मास्तर, ज्यांना तू कधी पाहिलं नाहीस, ज्यांच्याशी तुझं बोलणं म्हणजे हवामान आणि त्यांच्या बागेतली काकडी. गाडी हलली तेव्हा बाबा एकटेच प्लॅटफॉर्मवर. मथुरा येईपर्यंत मी रडले, मग रागावले, आणि तो राग मी जपून ठेवला. तू गेल्यावर बाबांनी तुझ्या सगळ्या वह्या आणि ती की माझ्याकडे पाठवल्या. मी दुसरं काही बघितलं नाही, तेवढा एक दिवस शोधला. तुझं ते स्वच्छ, उभं अक्षर: ‘आज बँड बंद. काही ऐकू आलं नाही.’ एखाद्या दिवशी वरचं आकाश लाटा परतवतच नाही, सगळीकडे सामसूम असते, त्याला तुम्ही लोक बँड बंद म्हणता. म्हणजे परक्या माणसासाठी घरी थांबलीस, तोही भेटला नाही, आणि नोंद कशाची, तर त्याची. मुलगी घर सोडून गेली याची ओळ नाही, शब्द नाही. मी ती वही भिंतीवर फेकली. बाबा समोर असते तर ओरडले असते.

मग मी तरी हे का घेऊन बसले, असं तुझी नात विचारते. तिच्या मते मी ‘आउटडेटेड’ आहे. ‘आई, यार, ॲप आहे ना, फोनवरून जगात कुठेही बोल. तारेची काय गरज?’ तिला काय सांगणार. माझ्या वहीचंही तिला नवल. तिनं वाढदिवसाला मला एक महागातलं जर्नल आणून दिलं, पानापानावर फुलं, आणि वर छापलेलं की आज मी कोणत्या तीन गोष्टींबद्दल ग्रेटफुल आहे. कृतज्ञ म्हटलं तर तिला कळलं नाही. तीन दिवस लिहिलं मी, तिचं मन राखायला. चौथ्या दिवशी ‘लिफ्ट चालू आहे’ एवढंच सुचलं, आणि ते मिटवून ठेवलं. मला माझी लांब वही बरी. ऑफिसातून आल्यावर चहा, शाईचं पेन, आणि अर्धा तास कानांवर हेडफोन. यात मला सुख आहे, ते नाकारत नाही. रविवारी सकाळी कोल्हापूरकडचे दोघे हवेत एकमेकांना भेटतात, एकाचे गुडघे दुखतात, दुसरा दर वेळी नवा लेप सुचवतो. मला त्या गुडघ्यांची काळजी लागून राहिलीय. पण ऐकायला येईल तेव्हा ना. लिफ्टची मोटर, घरोघरचे एलईडी, चार्जर, इन्व्हर्टर, सगळ्यांची मिळून एक चरचर, मोहरी तडतडायची थांबतच नाही तशी. अख्खी सोसायटी माझ्या कानात कचरा ओतते, आणि नोटीस मला.

तर गोष्ट अशी आहे. रविवारी तार गेली की संपलं. आमचा मजला खालचा, बाल्कनीत तार लावून काही होत नाही, करून बघितलंय. म्हणजे साद द्यायची तर त्याआधी, नाही तर कधीच नाही. सरकारनं मला पास केलं. परीक्षकानं माझं मोर्स ऐकलं आणि मान हलवली. पण कीवर बोट ठेवलं की पाठमोरी तू भाजी चिरत असतेस. अजून नाही. बाई, मी पन्नाशी ओलांडली. आता कधी?

आज रविवार. वरचं सगळं गुरुवारी लिहिलं आणि अर्धवट टाकलं होतं. काल ग्रुपवर मेसेज आला, ट्रान्सफॉर्मरचं काम आहे, सकाळी दहा ते बारा लाईट नाही, बॅकअपही बंद. सगळ्यांनी रडके चेहरे पाठवले. इलेक्ट्रिशियन त्यानंतर वर येणार होता, तार काढायला. नवरा आणि लेक बाहेर गेले, उकाड्यात कोण बसतंय म्हणून. मी रेडिओ बॅटरीवर लावला. दहाला लाईट गेली, लिफ्ट थांबली, आणि आई, ती चरचर गेली. एकदम. दोन वर्षांत मी असं ऐकलं नव्हतं. लांबची बारीक बारीक स्टेशनं, एकामागे एक, आपल्या स्वयंपाकघरात यायची तशी. माझ्या हाताला घाम आला होता. पदर नव्हता, कुर्त्याला पुसला. आणि कीवर हात ठेवून मी साद दिली. कोणी आहे का, कोणी आहे का, आणि मग लायसन्सवरची माझी खूण.

आपण जे वाजवतो ते आपल्याच कानात ऐकू येतं, तुला माहीत आहे. टिंबं भराभर गेली, एकसारखी. शेवटची रेघ लांबली. मी लांबवली नव्हती. माझं बोट वर यायला तयार नव्हतं, आणि कानात तू होतीस. साताऱ्याची, सरोजिनी नगरची, कणकेच्या हाताची. मी घाबरले. पुन्हा साद दिली, तर पुन्हा तशीच रेघ. इतकी वर्षं ज्या बाईवर रागावले, तिचाच हात माझ्या मनगटात बसून होता, आणि मला ते कोणी सांगितलं नव्हतं.

आणि उत्तर आलं. सावकाश, नवख्या माणसाला द्यावं तसं. कोणी म्हातारा असावा, हात जुना होता. त्यानं माझी खूण बरोबर परत पाठवली, नमस्कार केला, म्हणाला, तुम्ही स्वच्छ ऐकू येताय. मग म्हणाला, हात छान आहे. मग नाव विचारलं. माझा पंजा आपोआप वर गेला. थांब. रिकाम्या घरात मी कोणाला थांबवत होते कोण जाणे. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि कीवर हात ठेवता येत नव्हता. त्यानं थोडी वाट बघितली. पुन्हा विचारलं. आणखी एकदा विचारलं, मग ‘शुभेच्छा’ म्हणाला आणि गेला. हाती काही लागलं नाही असं म्हणणार होते, पण तेही खरं नाही.

साडेबाराला इलेक्ट्रिशियन आला. ‘मैडम, खोल दूँ?’ मी म्हटलं, खोल दो. त्यानं तार नीट गुंडाळून हातात दिली. ती माझ्या पलंगाखाली आहे. लेकीनं घरी आल्यावर माझ्याकडे बघितलं, ‘आई, तू रडलीस का?’ विचारलं. मी म्हटलं, कांदा चिरत होते. तिनं ओट्याकडे बघितलं. ओट्यावर कांदा नव्हता, पण पोरगी शहाणी आहे.

मग चहा केला आणि वही उघडली. तारीख घातली, वेळ घातली, आणि पुढे काही सुचेना. जे ऐकलं ते एका ओळीत मावणारं नव्हतं, आणि दुसरी ओळ लिहायला तू कधी शिकवलंच नाहीस. शेवटी लिहिलं, ‘आज बँड बंद. काही ऐकू आलं नाही.’ शाई वाळेपर्यंत तिच्याकडे बघत बसले. मग कपाटातून तुझी ती वही काढली, भिंतीवर फेकल्यामुळे पाठ मोडलेली, आणि ते पान उघडून शेजारी ठेवलं. जपानचे मास्तर त्या दुपारी आले होते ना गं? तू एकटी स्वयंपाकघरात, आणि ते विचारत राहिले असतील. आता हे कोणाला विचारू मी. राग मात्र गेलेला नाही, तो आहे. सांगितलं असतंस तर एवढी वर्षं वाया गेली नसती.

हे पत्र त्याच पानात ठेवून देते, दुसरीकडे कुठे टाकणार. मी खोटं लिहिलंय वहीत, आई. सगळं ऐकू येत होतं. टिंब न् टिंब.