आकड्यामागचे ओझे

सोमवार, ९ ऑक्टोबर १९६१

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझ्या टगबोटीच्या आकड्याला कुणीतरी दोरी बांधली. वेळ घड्याळात पाहून लिहिली आहे. पुढे कुणी नाकबूल होऊ नये.

एरवी दिवस उत्तम होता. दारव्ह्याबाहेरच्या या बंद पडलेल्या कापसाच्या जिनातला मॅनेजरचा बंगला भाड्याने घेऊन आठवडा झाला. तेहतीस वर्षे मेट्रन म्हणून इतरांचे ताप मोजले. आता नागपूरची खोली कायमची सोडून स्वतःच्या आवडीसाठी आले. परतायला दुसरे घर नाही, आणि परतायचेही नाही. वडील मुंबईच्या गोदीत टगबोटीवर इंजिन चालवत. मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणारी ती बुटकी, दांडगी बोट मी त्यांच्याबरोबर लाकडात कोरायची. कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी ती जप्त करून हातात भरतकाम दिले. आता पुन्हा कोरली. हातभर लांब, सागवानी, पोटात गजराच्या घड्याळाची स्प्रिंग, मागे ओझे ओढायचा पितळी आकडा. आणि सोडायला जिनाच्या बॉयलरसाठी बांधलेला पायऱ्यांचा हौद.

आज ती हौदाच्या मध्यावर अडली आणि फार सावकाश परतली. आकड्याला काळी, ओली दोरी. रुईच्या बोज्याला मारतात तसली गाठ. हा चौकीदार उकंडाचा विनोद. या वयाची बाई बोट सोडते, याचे त्याला हसू येते.

मंगळवार, १० ऑक्टोबर

उकंडा आणि त्याची बायको मथुराबाई यांना डोळ्यांसमोर काठावर उभे केले आणि बोट सोडली. दोघे जागचे हलले नाहीत. बोट दोरी घेऊनच आली, कालच्यापेक्षा जाड.

मग मथुराबाईने पुराण सांगितले. जिन चालू असताना एक फिटर नळ मोकळा करायला हौदात उतरला. तेव्हाच्या मालकाने इंजिन थांबवले नाही आणि प्रेत गाळातून कधी निघाले नाही. तेव्हापासून या हौदात कुणी दोर सोडत नाही. पाणी हवे तर पायरीवर बसून, वाकून, हाताने घागर बुडवायची. दोर गेला की तो धरतो म्हणे. मी म्हटले, मी पुष्कळ मेलेले पाहिले आहेत, त्यांतला एकही दोर मागायला आला नाही.

उकंडा हसला नाही. "बाई, मले येडा म्हना, पन तो आकडा काढून टाका. हौदातला तो वढनाऱ्याचीच वाट पाहून राह्यला."

आकडा नसलेली टग म्हणजे साबणाची डबी. काढणार नाही.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

हौदाचा गाळ काढावा म्हणून मालक देवरावांना पत्र लिहिले होते. त्यांनी माणसाकरवी तोंडी निरोप पाठवला की म्याडमनं या वयात माळ ओढावी, बोटी कायले ओढून राह्यल्या. एका सहीची ज्याला भीती वाटते, तो मालक! मी मुद्दाम स्प्रिंग पूर्ण पिळून बोट तीनदा सोडली. दोर आता अंगठ्याएवढा आहे. पाण्याच्या वरच्या तिसऱ्या पायरीवर गाळाचा पसरट डाग. जनावर असेल.

रविवार, १५ ऑक्टोबर

सकाळी नऊ. बोट व्हरांड्यातल्या टेबलावर आहे आणि चावी न देता तिचा पंखा फिरतो आहे. आकड्यापासून हौदापर्यंत दोर ताठ. काल मी तो कापला होता. गाळ आता सगळ्यात वरच्या पायरीवर.

उकंडा आणि मथुराबाई बोचकी घेऊन निघून गेली. मलाही चला म्हणाली. तिने हातच धरला. सोडवून घेतला. चौकीदाराच्या बायकोने मला ओढून न्यायचे आणि मी —

मंगळवार, १७ ऑक्टोबर

कात्री बोथट. विळीही. आकडा निघत नाही, मीच आतल्या पितळी पट्टीला झाळून पक्का केला होता. बारा वाजता बोट चुलीत घातली. चांगली जळली. राखेत आकडा नाही.

दोन वाजता. दोर माझ्या डाव्या मनगटाला आहे. तीच गाठ.

बुधवार, १८ ऑक्टोबर

फाटकाकडे दहा पावले गेले. मागे काहीतरी दहा पावले घसटत आले. थांबले की थांबते. म्हणजे पळाले तर मीच त्याला —

खुर्चीत बसून आहे. हलायचे नाही. ते अंगणात, कडुनिंबाखाली. पाहिलेले नाही. वास पुरे.

गुरुवार, १९ ऑक्टोबर. सकाळी अकरा

देवराव, ही नोटीस समजा. टपालात टाकायला उठता येत नाही. वही ज्याला सापडेल त्याने पोचवावी. इंजिन तुमच्या वडिलांनी चालू ठेवले, तेव्हा हे ओझे तुमचे. कुऱ्हाड घेऊन चार माणसे पाठवा.

मी कालपासून हललेले नाही. तरी दोर सैल पडला आहे. माझ्या पायाशी त्याची वेटोळी —

उत्तर शनिवार, २१ तारखेला, सायंकाळी पाचच्या आत. लेखी. तुमच्या सहीने. निरोप्या पाठवू नका, व्हरांड्यात आधीच कुणीतरी —