उलटं वेटोळं

४ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. रागात लिहितो आहे, तरी आशीर्वाद खरे आहेत.

फोन केला असता, पण मग ओरडलो असतो आणि तू नेहमीप्रमाणे फोन टेबलावर ठेवून कामाला लागली असतीस. काचपेटी करणाऱ्या सुताराने जहाजाचे फोटो पाठवले, ते आज पोचले. भिंगाखाली धरून एकेक कोपरा तपासला. मागच्या बाजूला, सुकाणूच्या चक्राजवळ डाव्या कठड्याला चार खुंट्या आहेत. त्यांतल्या पहिल्या खुंटीवरचं दोराचं वेटोळं उलटं आहे!

बाबांनी ज्या जहाजावर हयात काढली, त्याची ही प्रतिकृती करायला मला आठ वर्षं लागली. एकंदर चौसष्ट वेटोळी आहेत, प्रत्येक शर्टाच्या बटणापेक्षा लहान. दोरा पातळ डिंकात भिजवायचा, सुईभोवती फिरवायचा, चिमट्याने खुंटीवर बसवायचा आणि तो वाळेपर्यंत श्वास रोखायचा. चौसष्टच्या चौसष्ट मी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे घातली होती. बंदराच्या सभागृहात ठेवण्याआधी महिनाभर तुझ्याकडे जहाज सांभाळायला दिलं, ते मांजर लांब ठेव एवढ्याच अटीवर. मांजराला चिमटा धरता येत नाही. तेव्हा हे काम कुणाचं, ते मला कळलं आहे.

ताबडतोब खुलासा कर. लोभ तूर्त आवरून धरला आहे.

तुझा,
दादा

९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खुलासा कसला? मीच केलं आणि शुद्धीवर असताना केलं. चाळीस वर्षं शिवणकाम करते आहे, माझ्या बोटांनी तुझ्या जहाजाचं वाटोळं होणार नाही. तू मात्र चार तासांच्या अंतरावर बसून उंटावरून शेळ्या हाकतोस. तुझं अक्षरही बघ, रागावलास की सगळं मागे झुकतं.

त्या चार खुंट्या बाबांच्या होत्या. जहाज बंदराला लागलं की बाबा मला खांद्यावर घेऊन वर न्यायचे आणि तिथेच बसवायचे. ते डावखुरे होते, दादा. त्यांची वेटोळी उलटीच पडायची. कप्तान त्यांच्यावर खेकसायचा, की तुझ्या दोराला हात लावायचा तर दुसरा डावखुरा शोधून आणावा लागेल. शेवटी कंटाळून त्याने त्या चार खुंट्या बाबांनाच देऊन टाकल्या. तिथे दुसरं कुणी हात लावत नसे.

तुझ्या जहाजात खिळान्‌खिळा आहे, फक्त बाबा कुठेच नाहीत. मला ते बघवेना. चारही बदलणार होते, पण एकातच डोळ्यांना पाणी आलं. ते डिंकाने आलं असं समज.

मांजर ठीक आहे. गुडघ्याला तेल लावतोस ना? राग ओसरला की माया पाठव.

तुझी,
चिमणी

१४ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

चोराच्या उलट्या बोंबा! मी उभा जन्म नकाशे काढण्यात घालवला. एक रेघ चुकली तर भिंत चुकते, हे मला तू शिकवू नकोस. उजव्या पिळाचा दोर उलटा गुंडाळला तर तो पीळ खाऊन गुंततो. पुस्तकात आहे, आकृतीसह आहे.

आणि बाबा कुठेच नाहीत म्हणतेस? मला कुठून असणार बाबा! पाचव्या वर्षी मला मावशीकडे शिकायला धाडलं. सुट्टीत यायचो तेव्हा ते समुद्रावर. तुला खांदा मिळाला, मला मिळाले बंदराच्या कपाटातले जुने आराखडे. त्यांतूनच मी त्यांचं जहाज उभं केलं, माप घेऊन, एकेक फळी. आता त्यातही तू मला चूक ठरवतेस, याचा मला फार राग आला आहे.

वेटोळं पूर्ववत कर.

दादा

ता. क. ते जेवताना चमचा कोणत्या हातात धरायचे?

१९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चमचा डाव्या हातात. सदऱ्याची बटणंही डाव्या हाताने लावायचे. तुला खांदा मिळाला नाही, हे मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नाही. माझं चुकलं. वेटोळ्याचं नाही चुकलं, या बाबतीत चुकलं.

आता वाईट बातमी. काल सभागृहाचे तज्ज्ञ जहाज तपासून गेले. हातरुमालाने भिंग पुसून त्यांनी तासभर पाहिलं. काम अव्वल आहे म्हणाले, पण एक वेटोळं उलटं आहे आणि अशी ढोबळ चूक सभागृहात चालणार नाही. पुढच्या सोमवारी काच बसायची आहे, त्याआधी ते सुलटं झालं तरच जहाज घेतील, नाहीतर नाही. मी त्यांना बाबांचं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, बाई, आठवणीने जहाजं बांधत नसतात. मला इतका संताप आला की त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

पण तुझी आठ वर्षं माझ्या हट्टापायी वाया जाऊ देणार नाही. तू म्हणशील तर बदलते. चिमटा टेबलावर काढून ठेवला आहे. हो की नाही, एवढंच कळव.

तुझी,
चिमणी

२३ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, या वेळी खुलाशाशिवाय.

चिमट्याला हात लावू नकोस! हसले? माझ्या बहिणीला हसले? त्या तज्ज्ञांना मी आजच पत्र टाकलं आहे. तो दोर उलटा नाही, डावखुरा आहे, असं स्पष्ट लिहिलं आहे. एकच वेटोळं तसं दिसतं ही मात्र चूक आहे, कारण ती चार हवीत, आणि चार झाल्याशिवाय मी काच बसवू देणार नाही. घ्यायचं तर घ्या, नाहीतर जहाज तुझ्या शिवणयंत्राशेजारी राहील. मांजराचं काय ते आपण बघू.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. मावशीकडे गेलो तेव्हा मी पाटीवर डाव्या हाताने लिहायचो. मावशीने तो हात सहा महिने पाठीशी बांधून ठेवला. रोज विचारायची, ही खोड आणलीस तरी कुठून? मला उत्तर येत नव्हतं म्हणून मी रडायचो. उजवा हात वळला, पण अक्षर मागे झुकतं ते तेव्हापासून. मावशीला ठाऊक नसेल, की ठाऊक असूनच विचारत होती, देव जाणे. आज बासष्ट वर्षांनी तुझ्या पत्रात मला उत्तर मिळालं, आणि मावशी ऐकायला नाही. याचाही रागच आला.

काल डाव्या हातात चिमटा धरून बघितला. दोन वेटोळी सुटली, तिसरं बसलं. तेव्हा पातळ डिंक करून ठेव आणि मला चिडवायचं नाही.

कप्तानाला दुसरा डावखुरा हवा होता ना? तो रविवारी सकाळच्या गाडीने येतो आहे.

तुझा,
दादा