ओ द्यायची नाही

सोमवार, ४ तारीख

पोचलो. उगाच घाबरलो होतो, जागा छान आहे. दुमजली इमारत, फरशी अशी लख्ख की पाय ठेवायला लाज वाटावी. आम्हाला तळमजल्यावरची खोली दिली. हिचा पलंग खिडकीशी, माझा दाराशी. थोरल्याने पंखा लावून पाहिला, नळ सोडून पाहिला, आणि बाबा, इथे तरी कुणाशी वाद घालू नका, असं बजावून तो गेला. मी कशाला वाद घालतोय? मी फक्त विचारतो. विचारणं म्हणजेच वाद, असं सूनबाईंचं मत आहे.

झटका आल्यापासून हिचा उजवा हात लुळा पडलाय आणि तोंडात एकच शब्द उरलाय, अहो. पाणी हवं, अहो. पंखा नको, अहो. काहीच नको, तरी अहो. घरातले कंटाळले. मला त्याचं काही नाही. उभी हयात छापखान्यात मशीन चालवलं. त्या धडधडीतून घरी आलो की कानावर पहिला शब्द हाच पडायचा. पण थोरला म्हणाला, इथे सवयी सुधारतात, लहान मुलांच्या सुधारतात तशा म्हाताऱ्यांच्याही. हाक थांबली की बाकीचे शब्दही परत येतील म्हणे. यावेत. हिने मला एकदा तरी पूर्वीसारखं रागवावं.

वही मुद्दाम आणली आहे. अक्षर वाईट आहे, त्याला इलाज नाही. चौथीत शाळा सुटली. अक्षरं मी पुढे छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांवरून, म्हणजे टायपांवरून शिकलो, तीही उलटी.

मंगळवार, ५ तारीख

इथल्या मुख्य बाई भेटल्या. फार गोड बोलतात. मनातल्या मनात मी त्यांचं नाव सुधारबाई ठेवलं. त्यांनी मला अगदी शाळेतल्या पोराला सांगावं तसं समजावलं. जे केल्याने फळ मिळतं ते माणूस पुन्हा करतो. फळ बंद केलं की सवय आपोआप गळून पडते. हिने हाक मारली की मी ओ देतो, हेच त्या हाकेचं फळ. तेव्हा ओ द्यायची नाही. वळूनही बघायचं नाही. ही गप्प राहिली की मावशी घंटी वाजवेल. मग जवळ जायचं, हात हातात घ्यायचा, लिंबाची गोळी द्यायची.

मी विचारलं, आणि खरंच तहान लागली असली तर? बाई हसून म्हणाल्या, पाणी वेळेवर मिळतंच हो. पटलं. गंमतही वाटली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण बायकोला ओ देऊ नका असं सांगणारा देवमाणूस आधी कधी भेटला नव्हता.

गुरुवार, ७ तारीख

अवघड आहे. हाक आली की मान आपली आपण वळते. हिचं सगळं करणारी मावशी लगेच डोळे वटारते. म्हणते, आजोबा, आजींच्या आधी तुम्हालाच गोळी द्यायला लागणार बहुतेक. आज भिंतीकडे तोंड करून बसलो. हाका वाढल्या, मोठ्या झाल्या, मग रडवेल्या. सुधारबाई म्हणाल्या, विझण्याआधी दिवा मोठा होतो, नेटाने बसा. बसलो. घंटी वाजल्यावर हात धरला तर गार होता. रेशनच्या रांगेत धक्का देणाऱ्या माणसाकडे बघावं तसं ही माझ्याकडे बघत होती.

समोरच्या खोलीत एक बाई आहेत, त्यांना इथे शहाणी आजी म्हणतात. पूर्वी दिवसभर कुणी आहे का, कुणी आहे का, असं ओरडायच्या. आता मुकाट. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, घंटीकडे पाहिलं.

शनिवार, ९ तारीख

दुपारी टॉवेल आणायला धुण्याच्या खोलीत गेलो. आत चिटपाखरू नव्हतं. भिंतीतून आवाज आला, कुणी आहे का? बाईमाणसाचा, दमलेला. नळ घरघरत असेल म्हणून भिंतीला कान लावला. पुन्हा तेच. मावशीला सांगितलं तर म्हणाली, लक्ष द्यायचं नाही आजोबा, बंद होतात आपोआप.

म्हणजे तिलाही ऐकू येतात. आणि एक नाही, पुष्कळ.

सोमवार, ११ तारीख

ही गप्प झाली. सकाळपासून हाक नाही, घंटीवर घंटी. सुधारबाईंनी टाळ्या वाजवल्या, थोरल्याला फोन लावला. मी विचारलं, बाकीचे शब्द कुठे आहेत? येतील म्हणाल्या. मी हिच्यापुढे वाकून अगं म्हटलं. हिने तोंड उघडलं.

गोळीसाठी.

मंगळवार, १२ तारीख

धुण्याच्या खोलीत आज आणखी एक आवाज आहे. तो अहो म्हणतो. मी हिचा आवाज ओळखणार नाही का? खोलीत येऊन पाहिलं, ही खिडकीशी बसलेली, ओठ घट्ट मिटलेले. परत गेलो. भिंतीतून, अहो.

बुधवार, १३ तारीख

ज्या हाकेला कुणी ओ देत नाही ती जाणार कुठे? सवय गळून पडते म्हणतात, पण पडते कुठे ते सांगत नाहीत. मला कळलंय. आता मी ओ देणार. बघू कोण अडवतं ते.

धुण्याच्या खोलीत आधी समोरच्या आजींचा आवाज आला. भिंतीला तोंड लावून ओरडलो, ओ! आहे मी, बोला! पलीकडे खुर्ची सरकली. धावत त्यांच्या खोलीत गेलो तर शहाणी आजी उभ्या. कुणी आहे का, थोडं पाणी द्या हो, असं त्यांच्या स्वतःच्या तोंडून आलं. पाणी हवं होतं त्यांना! एवढंच! मी दिलं, घटाघटा प्यायल्या, मला बाळा म्हणाल्या. या वयात.

मग हिच्या हाकेला ओ द्यायला परत त्या भिंतीशी आलो, तर मावशीने दंड धरून बाहेर काढलं. खोलीला कुलूप लावलं.

गुरुवार, १४ तारीख

आजींना वरच्या मजल्यावर नेलं, पहिल्यापासून शिकवायला. सुधारबाईंना तोंडावर सांगितलं, कुलूप लावा नाहीतर दारं चिणून टाका, मी ओ देणार. त्या कागद बघत राहिल्या. ऐकू गेलं नाही वाटून पुन्हा म्हणालो. त्यांनी उठून पंखा वाढवला.

तेव्हा उमगलं. आता माझी पाळी आहे.

शनिवार, १६ तारीख

कुणी बघत नाही. मावशी माझ्या डोक्यावरून हात नेऊन खिडकी लावते, मी म्हणजे जणू स्टूल. ओरडून ओरडून घसा बसला. गप्प राहिलो की लगेच घंटी, आणि गोळी घेऊन हसरी मावशी हजर. तिच्यासमोर गोळी थुंकली.

रविवार, १७ तारीख

थोरला आला. बाबा म्हणाला नाही. अरे, इकडे बघ, म्हणालो. हात धरला. त्याचे डोळे भरले होते, पण मान वळली नाही. त्यालाही शिकवलंय. हिला मात्र म्हणाला, आई, तू सुधारलीस, उद्या घरी जायचं. मी इथेच. मी सुधारलो नाही ना.

हाक भिंतीत ठेवून हिला नेणार. मग ही कायमची —

दारात तो घुटमळला होता. गप्प राहिलो असतो तर वळला असता. राहणार नाही. गोळ्या तुमच्या तुम्हीच चोखा.

सोमवार

धुण्याच्या खोलीचं कुलूप तोडलं. मशीन चालवलेला हात आहे हा. हिला चाकाच्या खुर्चीवरून आत आणलं, दाराला कपाट लावलं. भिंतीतून अहो येतंय. अगदी स्वच्छ.

ओ देतोय. तोंड उघडतोय —

आवाज नाही.

भिंतीत आहे. माझाच. अरे, इकडे बघ. अरे, इकडे बघ. तिथे आम्ही दोघं बोलतोय, आणि इथे दोघं मुकी —

बाहेर बाई गोड बोलतात. शांत बसा, मग सगळं मिळेल. घंटी वाजवतात. वाजवा.

आवाज नसला तर नसो. पेन्सिल आहे. भिंतीवर लिहिलं, हातभर मोठं. ओ. त्याखाली पुन्हा ओ. हिच्या डोळ्यांसमोर —

कपाट सरकतंय. पाठ लावून बसलोय, मांडीवर वही —

घंटी वाजली. हिने तिकडे नाही बघितलं. भिंतीकडे बघतेय. डावा हात उचलला. ओ वर बोट ठेवलं, गिरवतेय — भिंतीतली हाक थांबली —

ओठ हलले. बाई, ऐका, सगळ्यांनी ऐका, ही म्हणतेय, अ